ठाण्यात राहून जॅझ पियानो शिकताना

कोणता की-बोर्ड घ्यावा हा विषय आधी संपवते, कारण काही जणांचं पहिलं वर्ष त्यातच जातं. ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीज आणि सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) असलं की पुरे. त्यात आवाज किती, ताल किती, दिवे किती लागतात याच्याशी आपल्याला घेणं नाही. सेकंडहॅण्ड घ्यायला हरकत नाही. फक्त मधल्या दोन सप्तकांतली एकेक की आधी हळू, मग जोरात दाबून बघा. आधीच्या मालकाने सगळा राग तिथेच काढलेला असतो. वजनही बघून घ्या. यामाहाचा पी-४५ हलक्यांपैकी मानतात, तरी तो साडेअकरा किलोचा आहे. वर बॅग, स्टँड, पेडल, अ‍ॅडाप्टर. हे सगळं खांद्यावर घेऊन ठाणे स्टेशनचा पूल एकदा चढून बघा, मग महागडं आणि जड मॉडेल घ्यायची हौस आपोआप फिटते.

खरा अकूस्टिक पियानो घरात हवा असं सगळ्यांनाच वाटतं. खाडीच्या वाऱ्यावरचं घर असेल तर विचार करून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कीज अडकतात, सूर हलतो, आणि चांगला ट्यूनर हाक मारल्यावर लगेच येईल अशी स्थिती नाही.

आता मुद्द्याचं.

मी पेटीवरून पियानोवर आले. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत, मग पियानोच्या ग्रेड, मग जॅझचं वेड. ठाणे, डोंबिवली, वाशी या पट्ट्यातून जॅझकडे येणारे बरेच जण याच वाटेने येतात. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मेजर सेव्हन म्हणजे काय, टू-फाइव्ह-वन म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

जॅझच्या क्लासला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मला एक छापील तक्ता मिळाला. डावीकडे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), उजवीकडे त्यावर चालणारं स्केल. मायनर सेव्हनवर डोरियन, डॉमिनंट सेव्हनवर मिक्सोलिडियन, मेजर सेव्हनवर आयोनियन. पेटीवाल्याला हा तक्ता बघून उकळ्या फुटतात. डोरियन म्हणजे आपला काफी थाट. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. आयोनियन म्हणजे बिलावल, लिडियन म्हणजे कल्याण. अरे, हे तर आपल्याला येतंच! नावं तेवढी बदलायची. अशी समजूत एकदा झाली की माणूस दोनेक वर्षं तरी बाहेर येत नाही. त्यात चांगली बोटं असतील तर आणखी उशीर, कारण वाजतंय छान असं घरच्यांनाही वाटत असतं.

यात फसगत कुठे होते ते सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा, आणि वाचताना समोर की-बोर्ड ठेवा.

सी हा सा धरा. टू-फाइव्ह-वन म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. तक्त्याप्रमाणे पहिल्यावर रे पासून काफी, दुसऱ्यावर पंचमापासून खमाज, तिसऱ्यावर सा पासून बिलावल. आता तिन्हींचे स्वर मोजा. तिन्ही वेळा त्याच सात पांढऱ्या पट्ट्या! म्हणजे तीन कॉर्ड बदलल्या तरी तुमचा उजवा हात त्याच सात पट्ट्यांवर फिरतोय. कॉर्ड हलली हे डाव्या हाताला माहीत आहे, उजव्याला नाही. डावा हात थांबवून नुसता उजवा ऐका: कोणती कॉर्ड कधी आली हे कुणालाही सांगता येणार नाही. एकही स्वर चुकीचा नसतो, आणि तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आता हे बघा. डी मायनर सेव्हन म्हणजे रे, म, ध, सां. जी सेव्हन म्हणजे प, नि, रे, म. सी मेजर सेव्हन म्हणजे सा, ग, प, नि. प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा स्वर तेवढा उचला. पहिलीत म आणि सा. दुसरीत नि आणि म. तिसरीत ग आणि नि. पहिलीवरून दुसरीकडे जाताना म जागेवर राहतो आणि सा अर्धा सूर उतरून नि वर येतो. दुसरीवरून तिसरीकडे जाताना नि जागेवर राहतो आणि म उतरून ग वर येतो. एका वेळी एकच स्वर हलतो, तोही अर्धा सूर. कॉर्ड बदलल्याचं कानाला जे कळतं ते या अर्ध्या सुरामुळे. मूळ स्वर आणि पाचवा बासवर सोडून द्या, तरी हे दोन स्वर पूर्ण कहाणी सांगतात. जॅझवाले त्यांना गाइड टोन म्हणतात.

म्हणजे बिलावलच्या सातही पट्ट्या मोकळ्या असल्या तरी जी सेव्हनच्या पहिल्या मात्रेला नि वर टेकणं आणि सी च्या पहिल्या मात्रेला ग वर टेकणं, हे खरं काम. मधले स्वर कुठूनही आणा. काळ्या पट्टीवरून घसरत आलात तरी चालेल, टेकलात बरोबर जागी तर ते शोभतं.

आणि गंमत अशी की हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. बागेश्री आणि भीमपलास दोन्ही काफी थाटाचे. म्हणून कुणी काफीचे सात स्वर वरखाली घासले आणि म्हणाला हा घ्या बागेश्री, तर आपण त्याला उठवून लावू. न्यास कुठे, म्हणजे कोणत्या स्वरावर टेकायचं, कोणता स्वर दुबळा, आरोहात काय वगळायचं, यावर राग उभा राहतो. थाट हे नुसतं कपाट आहे. पेटीवर बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण तोच माणूस जॅझ शिकायला आला की कपाटालाच कपडे समजतो. फरक एवढाच की रागात तानपुरा चालू असतो, सा हलत नाही, आणि न्यासाच्या जागा रागभर त्याच. इथे न्यासाची जागा दर मापाला, म्हणजे बारला, बदलते, आणि दर आठ मापांनी खुद्द सा पण बदलू शकतो. कानाला ती सवय नसते. तक्ता ती सवय लावत नाही, उलट ती नसल्याचं झाकून ठेवतो.

एक अपवाद सांगायला हवा, कारण नवख्यांना तोच पुरावा वाटतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधलं ‘सो व्हॉट’ घ्या. १६ मापं डी डोरियन, ८ मापं ई फ्लॅट डोरियन, परत ८ मापं डी डोरियन. इथे खरंच दीर्घकाळ एकच थाट आहे आणि काफीवाल्याला घरी आल्यासारखं वाटतं. वाटू द्या, त्यात मजा आहे. पण त्यावरून पुढे ‘ऑटम लीव्हज’ला गेलात की जी मायनरमध्ये डी सेव्हन येते, तिच्यात एफ शार्प असतो, आणि तुमचा कोमल निषाद तिथे तोंडावर पडतो.

सराव असा करा. डाव्या हातात नुसता मूळ स्वर, उजव्यात नुसते दोन गाइड टोन. बाकी काही नाही. मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक टिक म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा असं धरा. पहिली तुम्ही स्वतः मनात मोजायची. सुरुवातीला टिक पहिल्या मात्रेवर सरकत राहील, कारण आपण सम जोरात धरणारे लोक. चिडू नका, ते जमतं. सी मध्ये झालं की एक पूर्ण सूर खाली बी फ्लॅटमध्ये, मग ए फ्लॅटमध्ये, असं सहा पट्ट्यांत फिरा. मग उरलेल्या सहांत. गायकांच्या साथीला काळी चार, पांढरी पाच असं सारखं बदलत वाजवलेल्यांना इथे मोठा फायदा आहे. जे आयुष्यभर ट्रान्सपोजचं बटण दाबत आले त्यांना नाही. ते बटण विसरा. खरं तर त्यावर चिकटपट्टी लावा.

हे सगळं रटाळ वाटतंय का? आहेच रटाळ. पण यात हुशारी लागत नाही, रोज बसणं लागतं, आणि नोकरी सांभाळून रोज अर्धा तास बसणारी माणसं मी यातून पार झालेली पाहिली आहेत.

दुसरं, ऐकून उतरवणं. तयार पीडीएफ घेऊ नका. ‘काइंड ऑफ ब्लू’वर बहुतेक ठिकाणी पियानोवर बिल एव्हान्स आहेत, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच ट्रॅकवर विंटन केली आहेत, आणि पहिला सोलो त्यांचाच आहे. बी फ्लॅटमधला बारा मापांचा ब्लूज, शेवटच्या दोन मापांत ए फ्लॅट सेव्हनची छोटी गंमत. सुरुवात तिथून करा. आधी गा. चार मापं पाठ गाता येईपर्यंत कीजना हात लावू नका. आपण पलटे आणि ताना गाऊनच शिकलो, मग इथेच एकदम कागद कशाला? वेग कमी करणारं ॲप वापरलं तरी चालेल, मी वापरते. पण कॉर्ड ओळखून देणारं ॲप काढून टाका. ते चुकतं म्हणून नाही, बरोबर सांगतं तेव्हाच जास्त नुकसान करतं.

गुरूबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. पियानोचा थोर गुरू शोधण्याआधी एक बासवाला शोधा. पियानो शिकवणारा तुम्हाला दोन हात भरून वाजवायला शिकवतो, कारण खोलीत तुम्ही दोघंच असता. वाशीच्या एका जॅमरूममध्ये (जमून वाजवायच्या खोलीत) पहिल्यांदा बास आणि ड्रम्सबरोबर बसले तेव्हा मी डाव्या हाताने मूळ स्वरासकट जाडजूड कॉर्ड मारत होते. दुसऱ्या फेरीला बासवाल्याने हात थांबवला. वयाने बराच मोठा, कोपरखैरण्याचा माणूस, शांतपणे म्हणाला, “बाळा, माझं काम पण तूच करणार असशील तर मी चहा पिऊन येतो.” आणि खरंच गेला. तो परत येईपर्यंत ड्रमर माझ्याकडे बघून ब्रश कुरवाळत होता. मग मी मूळ स्वर सोडून नुसता तिसरा-सातवा आणि वर एखादा नववा अशी हलकी कॉर्ड धरली. खोलीत एकदम हवा आली.

बिल एव्हान्सचं त्रिकूट ऐकाल तर हीच गोष्ट टोकाला नेलेली दिसेल. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांचं जे रेकॉर्डिंग झालं, त्यात डावा हात मूळ स्वराला फारसा शिवत नाही, कारण ती जागा स्कॉट लाफारोच्या बासची आहे. आणि लाफारो तर ती जागा सोडून पियानोशी बोलायलाच येतो. मागे ग्लासांचा किणकिणाटही ऐकू येतो. ६ जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हान्सनी त्यानंतर काही महिने जाहीर वाजवणं जवळपास बंद ठेवलं.

एव्हान्सचं नाव निघालंच आहे तर वयाचंही बोलते. “आता पंचविशी उलटली, उशीर झाला ना?” हा प्रश्न फार ऐकते. एव्हान्स लुइझियानातल्या कॉलेजातून रीतसर पियानो शिकून १९५० ला बाहेर पडले, मध्ये सैन्यातली वर्षं गेली, न्यूयॉर्कला आले ते १९५५ मध्ये, आणि माइल्सच्या बँडमध्ये १९५८ ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तेव्हा शांत राहा. पण त्याच माणसाचं हेरॉइनचं व्यसनही खरं आहे आणि १९८० मध्ये ५१ व्या वर्षी जाणंही. व्यसनामुळे संगीत खोल झालं वगैरे गप्पा मारणारा कुणी जॅमरूममध्ये भेटला तर उठून या.

“हे आपलं संगीत नाही” असं नातेवाईक म्हणतील. त्यांना सांगा, मुंबईत जॅझ शंभरीकडे चाललंय. १९३० च्या दशकात टेडी वेदरफोर्डसारखा अमेरिकन पियानोवादक ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्या बँडमधून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. १९७८ पासून जॅझ यात्रा हा महोत्सव भरायला लागला. आणि पियानोवादक-संगीतकार म्हणून आपल्याकडे जे आयुष्य शक्य आहे त्याचा नमुना म्हणजे लुई बँक्स. जन्म १९४१, दार्जिलिंग, वडील ट्रम्पेटवादक. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर ब्लू फॉक्समध्ये बँड, मग मुंबई, आर. डी. बर्मनकडे वादन, ढिगाने जिंगल्स, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या संगीतात मोठा हात, आणि माइल्स डेव्हिसच्या संगीतावरच्या ‘माइल्स फ्रॉम इंडिया’साठी ग्रॅमी नामांकन. यादी नीट वाचा. जॅझ कायम आहे, पण घर जिंगल आणि स्टुडिओने चालवलं आहे.

तुमचंही तसंच होणार. नुसत्या जॅझवर घराचा हप्ता भरणारा माणूस ठाण्यात मला भेटलेला नाही. शिकवण्या असतात, हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळ असते, लग्नाच्या रिसेप्शनची सुपारी असते, गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो. ऑर्केस्ट्राला नाक मुरडणाऱ्या जॅझवाल्यांचं मला आश्चर्य वाटतं. गायिका ऐन वेळी “आज घसा बसलाय, दीड सूर खाली” म्हणते आणि ढोलकीवाला थांबत नाही, त्या क्षणी जे शिकायला मिळतं ते कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही. मात्र मानधन आधी ठरवा, आणि किती वाजता सुटणार तेही. दक्षिण मुंबईतला शो असेल तर शेवटची लोकल आयोजकाच्या नाही, तुमच्या डोक्यात हवी. रात्री उशिराच्या कार्यक्रमाला परतीच्या टॅक्सीचे पैसे वेगळे मागायला लाजू नका. बाईमाणसाने तर मुळीच नाही.

रचनेबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात मी स्वतः अजून चाचपडते आहे. अभंगाखाली मेजर सेव्हन घातला की जॅझ होत नाही. आपल्याकडे दर दुसरा नवखा हेच करून त्याला फ्यूजन म्हणतो. करा, पण चाल कुठे टेकते आणि तुमची कॉर्ड तिला तिथे आधार देते की नुसती सजवते, एवढं बघा. त्यापेक्षा चांगला व्यायाम बीबॉपवाल्यांचा, म्हणजे वेगवान जॅझ वाजवणाऱ्यांचा, आहे: जुन्या गाण्याचा कॉर्डचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर स्वतःची नवी चाल लिहायची. गर्श्विनच्या १९३० च्या एका गाण्याच्या सांगाड्यावर किती चाली उभ्या राहिल्या त्याला गणती नाही. गाइड टोन बोटांत बसले असतील तर पहिली चाल आठवड्याभरात होते. वाईट होते, पण होते.

आणि कार्यक्रम मिळत नाहीत म्हणून रडत बसू नका. पियानोवादक थेलोनिअस मंकचा न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवण्याचा परवाना १९५१ मध्ये काढून घेतला गेला. १९५७ मध्ये फाइव्ह स्पॉटमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला घेऊन बसेपर्यंत त्या शहरातले क्लब त्यांना जवळपास बंदच होते. मधल्या काळात ते लिहीत राहिले, रेकॉर्ड करत राहिले. आयुष्यभराच्या त्यांच्या रचना सत्तरच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच आज जगभर जॅमला वाजतात. स्वतःची चाल झाली, कुठे रेकॉर्ड झाली, की आयपीआरएसचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क बराच भक्कम झाला आहे. कुणी “सगळे हक्क आमच्याकडे” असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, ओळखीच्या दादाला नाही.

ऐकायला जा. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचे जॅझचे कार्यक्रम, ३० एप्रिलच्या आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाच्या आसपास शहरात जे काही होतं ते. पहिल्या रांगेत नको, पियानोवाल्याचा डावा हात दिसेल अशा बाजूला बसा.

पहिल्या जॅमला जाल तेव्हा दोनच गाणी न्या, पण बाराही पट्ट्यांत नाही तरी तीन पट्ट्यांत येणारी. चार्ट (चाल आणि कॉर्ड लिहिलेला कागद) छापून न्या, मोबाइलवर नको. स्टेजवर कुणी तुमच्या मोबाइलात डोकं घालत नाही. बास आणि गिटारला मूळ पट्टीतला कागद. टेनर सॅक्स आणि ट्रम्पेटसाठी बी फ्लॅटचा वेगळा, म्हणजे एक सूर वर लिहिलेला; ऑल्टोसाठी ई फ्लॅटचा, सहावा स्वर वर. वेग तुम्हीच मोजून द्या, हळू मोजा, कारण धडधडत्या छातीने मोजलेला वेग नेहमी जास्तच निघतो. ड्रमरला कागद लागत नाही असं समजून त्याला वगळू नका. फॉर्म, शेवट कसा आणि फोर्स (चार-चार मापं आलटूनपालटून वाजवणं) कुठून सुरू करायचे हे त्याच्यासाठी मोठ्या अक्षरात लिहा. बाकी जण चुकलात तर तोच तुम्हाला परत पहिल्या मापावर आणून सोडतो.